आधी सुट्टी ठरवा, मग कुंड्या आणा: फ्लॅटमधल्या नवशिक्यांसाठी बागेचा कार्यक्रम

दरवर्षी तेच होतं बघा. पाऊस सुरू झाला की सगळ्यांना हुरूप येतो, रविवारी गाडी काढून नर्सरीत जायचं, डिकी भरून रोपं आणायची, बाल्कनीत पाय ठेवायला जागा राहत नाही इतक्या कुंड्या मांडायच्या, आणि मग मे महिन्यात पंधरा दिवस गावी जाऊन आलं की नुसत्या काटक्या उरलेल्या असतात. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "आपल्या हाताला झाडं लागत नाहीत." हाताचा काही संबंध नाहीये हो. आपण सुट्टीचा विचार सुट्टीच्या वेळी करतो आणि बागेचा पावसात, दोन्हीची गाठ कधी घालतच नाही, एवढंच.

म्हणून हा क्रम उलटा लिहितोय. आधी सुट्टी, मग ऊन, मग कुंड्या, आणि रोपं सगळ्यात शेवटी. पुणे, ठाणे, नाशिक, मुंबई असल्या ठिकाणी फ्लॅटमध्ये राहणारं, दोन्ही नवराबायको नोकरीवाले, एखादं शाळकरी पोर आणि जमलं तर आजी, असं घर डोळ्यापुढे ठेवलंय. बंगल्याचं अंगण असेल तर तुम्ही नशीबवान, पण पाण्याचं गणित तुम्हालाही हेच लागू.

पायरी १: भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा

एका रविवारी जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवा आणि कुठं कुठं जायचंय ते बोलू द्या. अगदी मोकळं. पोरांना बर्फ बघायचा असतो, नवऱ्याला कुठंतरी जाऊन नुसतं झोपायचं असतं, आजीला गावच्या घराची कौलं बघायची असतात, आणि कुणीतरी केरळचं हाऊसबोटवालं रील दाखवतंच. दाखवू दे, स्वप्नाला जीएसटी नाही. फक्त शेवटी दोन गोष्टी कागदावर उतरल्या पाहिजेत: वर्षात सलग पाच दिवसांपेक्षा जास्त घर बंद कधी असणार आहे, आणि किती दिवस. बहुतेक घरांत उत्तर तीनच येतात, मे महिना, गणपती आणि दिवाळी. त्यातले गणपती पावसात येतात म्हणून झाडांना त्रास नाही, दिवाळीत ऊन असलं तरी रात्री गार व्हायला लागतात. खरी परीक्षा मेची.

तारखा नक्की करायला रेल्वेच भाग पाडते. नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून मोजायचे. म्हणजे १० मेला कोकणकन्या किंवा मांडवी पकडायची असेल तर ११ मार्चला सकाळी आठला लॉगिन करून बसायचं, आणि प्रवाशांची नावं, वय आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवायची, कारण मेमधली आणि गणपतीतली कोकणची तिकिटं चहा गार व्हायच्या आत संपतात. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला, पण चार माणसांचं कुटुंब तत्काळवर सोडू नका, दोघं एका डब्यात आणि दोघं वेटिंगवर असला प्रकार होतो. राहायचं ठिकाण पण त्याच दिवशी बघून घ्या, गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर इथं एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) रिसॉर्ट आहेत, आसपास घरगुती होमस्टे पण भरपूर, आणि पोरांना घेऊन जाणार असाल तर माझं मत होमस्टे, सकाळी गरम घावणे मिळतात आणि कुणी घड्याळ लावून नाश्ता बंद करत नाही.

कॅलेंडरवर त्या सुट्टीच्या चौकटींना लाल गोल करा. आता याच्यावर बाग बसवायची.

पायरी २: ऊन बघा, नुसतं "येतं की ऊन" म्हणू नका

रोपं आणायच्या आधी एक सुट्टीचा दिवस बाल्कनीत ऊन कधी येतं, कुठपर्यंत येतं आणि कधी जातं ते बघा, फरशीवर खडूने रेघ मारायचं काम पोराला द्या. कमीतकमी चार-पाच तास थेट ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, मोगरा, जास्वंद. दोन-तीन तास असेल तर पालेभाज्या, पुदिना, पानओवा. नुसता उजेड असेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट असली मंडळी, आणि तिथं टोमॅटोचा हट्ट करू नये.

आता एक गंमत, जी नर्सरीवाले सांगत नाहीत. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबर-जानेवारीत ऊन आतपर्यंत येतं. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो (शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच), त्यानंतर तर तो थोडा उत्तरेला सरकतो. त्यामुळे डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब असलेली दक्षिणेची बाल्कनी मेमध्ये बऱ्यापैकी सावलीत असते. म्हणजे सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी सोन्याहून पिवळं, हिवाळ्यात भाज्या काढा आणि मेमध्ये निर्धास्त गावी जा. सगळ्यात वाईट पश्चिम. दुपारी दोन ते सूर्यास्तापर्यंत तापलेली भिंत, तापलेली ग्रिल आणि तापलेली कुंडी, तिथं शेडनेटशिवाय, म्हणजे ऊन अडवणाऱ्या जाळीशिवाय, गत्यंतर नाही.

पायरी ३: वजन आणि सोसायटी

हे पटकन सांगतो पण गंभीर आहे. बारा इंची कुंडी ओली असताना २५ किलोच्या आसपास जाते. कठड्यावर, ग्रिलच्या बाहेर, एसीच्या युनिटवर कुंडी ठेवायची नाही, खाली माणसं चालत असतात, पोरं खेळत असतात. जड कुंड्या भिंतीच्या आणि बीमच्या कडेला ठेवा, बाल्कनीच्या टोकाला नको. टेरेसवर काही करायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि वॉटरप्रूफिंग आधी. आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर तुमच्या कुंडीचं तांबडं पाणी गळलं की बाग सोडाच, जिन्यात बोलणं बंद होतं. प्रत्येक कुंडीखाली ट्रे हवा.

पायरी ४: कुंड्या कमी घ्या, मोठ्या घ्या

सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढं ठेवा लक्षात. सहा इंचाच्या वीस कुंड्यांपेक्षा बारा-चौदा इंचाच्या सहा कुंड्या केव्हाही बऱ्या. छोटी कुंडी मेमध्ये सकाळी पाणी घातलं तर संध्याकाळी कोरडी ठणठणीत होते, मोठ्या कुंडीत माती जास्त म्हणून ओल टिकते आणि मुळं पण खोल जातात. छोट्या कुंड्या दिसायला गोड असतात म्हणून आपण फसतो. मातीच्या कुंड्या गार राहतात पण त्यांच्या अंगातून पाणी उडून जातं, त्यामुळे लवकर सुकतात. प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि ग्रो बॅग (झाडं लावायच्या पिशव्या) हलक्या, ओल जास्त धरतात. मी मोगरा-तुळस मातीच्यात आणि भाज्या ग्रो बॅगमध्ये असं करतो. दिसायला थोडं विचित्र दिसतं, चालतं.

मिश्रण साधं ठेवा. दोन भाग बागेतली माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि एका कुंडीला मूठभर नीमपेंड (लिंबोळ्यांचं तेल काढून उरलेला चोथा). शेणखत ताजं नको, मुळं जळतात, हाताला भुसभुशीत लागलं आणि वास आला नाही म्हणजे कुजलं. कोकोपीटची वीट येते ती आधी भिजवून दोनदा धुवून घ्या, त्यात क्षार असतात. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा किंवा करवंटीचा तुकडा ठेवा, भोक बुजवायचं नाही, फक्त माती वाहून जाऊ नये म्हणून. वरून दोन इंच जागा मोकळी सोडा म्हणजे पाणी घालताना चिखल बाहेर उडत नाही.

पायरी ५: काय लावायचं ते लाल गोल ठरवतील

जून ते ऑगस्ट ही कायमच्या झाडांची वेळ. कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, गवती चहा, गोकर्ण, अळू. हवा दमट असते, काड्या पण पटकन रुजतात, शेजारणीकडून जास्वंदाची पेन्सिलीएवढी काडी मागून आणली तरी काम होतं. दसऱ्याला स्वतःच्या झेंडूचं तोरण हवं असेल तर बी साधारण सव्वादोन ते अडीच महिने आधी पडायला हवं, म्हणजे दसरा ज्या तारखेला असेल तिथून मागे मोजा. गणपतीनंतर टोमॅटो, मिरची, वांगी यांची तयार रोपं आणा, नवशिक्याने बियांपासून सुरुवात करायची काही गरज नाही.

पालेभाजी दिवाळीहून आल्यावर. मेथी तर पोरांसाठीच बनलीये, तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत भाजी ताटात येते. डब्यातले मेथीदाणेच पेरायचे, पाकीट विकत आणायची गरज नाही. कोथिंबिरीला धणे हलक्या हाताने रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि मग आठ-दहा दिवस काहीच होत नाही म्हणून घाबरायचं नाही. मार्च उजाडला की कोथिंबीर उंच होऊन फुलावर येते, पानं कमी होतात, तिला उन्हाळा मानवत नाही, त्यामुळे मार्चनंतर पेरू नका.

मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत. पानं काढून, फांद्या एक तृतीयांश कापून, खत घालून थोडे दिवस पाणी कमी, मग मार्चपासून कळ्या. कापताना जीव खालीवर होतो पण कापा.

आणि मग येतो एप्रिल. एप्रिलमध्ये नवीन काही लावायचं नाही. टोमॅटो तोपर्यंत दमलेला असतो, झाड काढून टाका, ती माती उन्हात पसरून वाळवा आणि जूनसाठी झाकून ठेवा. मे येईपर्यंत तुमच्याकडे कायमची पाच-सहा झाडंच उरली पाहिजेत. वर्षभर फुगवायची आणि मेच्या आधी आवरती घ्यायची, शेतकरी पण उन्हाळ्यात रान मोकळं सोडतोच की.

नर्सरीबद्दल एवढंच की पुण्याजवळ उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रांगच आहे, निवांत बघायला मिळतं. पण त्याआधी जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन किंवा मुंबईत असाल तर राणीच्या बागेतलं महापालिकेचं प्रदर्शन बघून या. तिथं लोभ सुटतो हा त्याचा तोटा.

पायरी ६: रोजचं पाणी कुणाचं?

पाण्याचं काम वाटून द्यायचं नाही, एकालाच द्यायचं. वाटून दिलं की सोमवारी तिघं घालतात आणि गुरुवारी कुणीच नाही. कुंड्यांतली झाडं पाण्याअभावी मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात, त्यामुळे बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं, ओलं लागलं तर आज सुट्टी. आमच्याकडे हे खातं आईकडे आहे आणि तिथं कुणी ढवळाढवळ केलेली चालत नाही.

पानांमागे पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, जास्वंदावर हमखास. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग एक लिटर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत.

पायरी ७: पैसे कशावर घालायचे

५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं शेडनेट, चांगली झारी, एक छाटणीची कात्री आणि बसायला खुर्ची. खुर्चीचं गंभीरपणे सांगतोय. बाग वाढवायच्या नादात लोक बसायची जागाच घालवतात, मग बाल्कनीत फक्त पाणी घालायला जाणं होतं. दोन कुंड्या कमी करा पण एक खुर्ची आणि चहाचा कप ठेवायला जागा पाहिजे, पुढच्या सुट्टीची स्वप्नं पण तिथंच बसून बघायची असतात ना.

खर्च करू नये असं: भिंतीवरचं व्हर्टिकल गार्डन. त्यातले कप इतके छोटे की मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागतं. प्लॅस्टिकचं हिरवं गवत, ते तापतं आणि त्याखाली पाणी साचतं. पांढरे दगड, दोन महिन्यांत शेवाळलेले दिसतात.

पायरी ८: निघायच्या आधीचे दहा दिवस

दहा दिवस आधी खत बंद. खत घातलं की कोवळी पालवी फुटते आणि पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी तीच माना टाकते. सुकलेली पानं, कीड लागलेल्या फांद्या काढून टाका, तुळशीच्या मंजिऱ्या खुडा.

चार-पाच दिवस आधी सगळ्या कुंड्या ग्रिलपासून आत, सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून ठेवा. घोळक्यात त्यांच्याभोवती दमटपणा राहतो. मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा सोललेल्या नारळाच्या शेंड्या पसरा. नारळवाल्याकडे मागितल्या तर फुकट देतो.

आता वातीची पद्धत. कुंड्यांच्या मधे स्टुलावर बादली, म्हणजे बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच. जुन्या सुती साडीची किंवा बनियनची पट्टी पिळून जाडसर वात करा, सुतीच हवी, नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. वात आधी पूर्ण भिजवा, एक टोक दगड बांधून बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत तीन-चार इंच खोल. बादली कापडाने घट्ट झाकून बांधा, नाहीतर डास. आणि हे निघायच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही! चार दिवस आधी लावून बघा, कुठली वात जास्त ओढते, कुठली कोरडीच राहते ते कळतं. गणित पण करून ठेवा, मेमध्ये बारा इंची कुंडी दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते, म्हणजे वीस लिटरची बादली चार कुंड्यांना पाच दिवस. पंधरा दिवस नाही. पाण्याची बाटली मातीत उलटी खोचायची युक्ती तर त्याहून कमी, दोन-तीन दिवसांची सोय आहे ती.

टायमरवाला ड्रिप चांगला, पण त्याला नळ चालू सोडून जावं लागतं आणि पाइप निसटला तर घरात तळं, शिवाय मेमध्ये सोसायटीत पाणीकपात असते, तेव्हा टायमर वेळेवर उघडतो आणि हवा सोडतो. मी तरी घर बंद असताना नळ चालू ठेवणार नाही.

म्हणजे फिरून शेजारीच. किल्ली देण्याइतके संबंध असतील तर तीन दिवसांतून एकदा बादल्या भरणं एवढंच काम त्यांना सांगा. प्रत्येक कुंडीला किती तांबे असली यादी देऊ नका, कुणी वाचत नाही. मोगरा तेव्हा ऐन बहरात असतो, फुलं त्यांनीच न्यावीत हे आधीच बोलून ठेवा, मग पाणी घालायला कुणी कंटाळत नाही.

आदल्या रात्री सगळ्या कुंड्यांना तळातून निथळेपर्यंत पाणी, सकाळी निघताना परत एकदा, आणि मग ट्रे रिकामे करून उलटे ठेवायचे. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर येतात, म्हणजे तुम्ही समुद्रात डुंबत असताना घरी पिढी तयार. फ्रिजखालचा ट्रे पण बघा, तो सगळे विसरतात.

पायरी ९: परत आल्यावर

बॅगा उघडायच्या आधी बाल्कनीत पळाल हे माहितीये, पण सुकलेल्या झाडावर बादली ओतू नका. माती कोरडी झाली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी बाजूने सरळ खाली जातं, मुळांना काही मिळत नाही. थोडं थोडं, अर्ध्या-अर्ध्या तासाने तीनदा घाला. छोटी कुंडी असेल तर सरळ पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. झाड मेलं असं लगेच ठरवू नका, नखाने फांदी खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे, वरचं वाळकं कापा आणि पावसाची वाट बघा. ११ जूनच्या आसपास मुंबईत मान्सून येतो असा हिशोब असतो, जास्वंद-मोगरा तर त्या पावसात असे फुटतात की ओळखू येत नाहीत.

गावाहून आणायचं असेल तर अळूचे कंद, अबोलीच्या काड्या, गवती चहाचा मुळासकट ठोंब आणा. ओल्या गोणपाटात गुंडाळलं की रेल्वेत बर्थखाली छान येतं. हापूसचं कलम आणायचा मोह होतोच, दापोली-वेंगुर्ल्याच्या बाजूला चांगली कलमं मिळतात, पण बाल्कनीत त्याला ना ऊन पुरतं ना माती. गावच्या परसात लावा आणि दर मेमध्ये जाऊन बघून या, तेवढंच जायला कारण.

आणि शेजाऱ्यांचं विसरू नका, आमसुलं, काजू, फणसपोळी काहीतरी आणाच. आंब्याची पेटी आणणार असाल तर त्यातले डझनभर त्यांचे, आणि पिकलेले द्या, अढीतले हिरवे देऊन "आठ दिवसांत होतील" म्हणू नका.